रायगडचा किनारा: उचललेला की बुडालेला?

प्रश्नाचे स्वरूप

रायगड जिल्ह्याचा किनारा उत्तरेला मुंबई बंदराच्या पूर्व काठावर, उरण-न्हावा-घारापुरीपाशी सुरू होतो आणि दक्षिणेला सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटच्या खाडीवर संपतो. पूर्वेकडे सह्याद्रीचा कडा भिंतीसारखा उभा आहे. कडा आणि समुद्र यांच्यामध्ये साधारण पन्नास-साठ किलोमीटर रुंदीचा सखल, डोंगराळ पट्टा आहे. या पट्ट्याविषयी दीड शतकाहून अधिक काळ मूळ प्रश्न एकच राहिला आहे: ही जमीन समुद्रातून वर आली की समुद्रात खचली? त्याच्याच पोटात दुसरा प्रश्न आहे. सह्याद्रीचा कडा किनाऱ्यापासून इतका आत का?

पुरावे दोन्ही बाजूंचे मिळतात. रेवदंडा, राजपुरी आणि बाणकोटच्या खाड्या बुडालेल्या नदीखोऱ्यांसारख्या दिसतात. दुसरीकडे हरिहरेश्वरचे लाटांनी घासून सपाट केलेले कातळमंच आणि शंख-शिंपल्यांच्या दगडाचे थर भरतीच्या पातळीजवळ किंवा तिच्याही वर उघडे पडलेले आढळतात. एकाच किनाऱ्यावर ही दोन्ही लक्षणे कशी, याची उत्तरे तीन वेगवेगळ्या कालमानांत शोधली गेली आहेत: कोट्यवधी वर्षांच्या भूरचनेत, हजारो वर्षांच्या समुद्रपातळीत आणि गेल्या शे-दीडशे वर्षांच्या मोजणीत. या तिन्हींतील चर्चा आज कुठे येऊन पोहोचली आहे, ते क्रमाने पुढे मांडले आहे.

किनाऱ्याची ठेवण

जिल्ह्यातील नद्या आखूड आणि उताराच्या आहेत. पाताळगंगा व अंबा धरमतरच्या खाडीला मिळतात, कुंडलिका रोह्यावरून रेवदंड्याला उतरते, मांदाडचे पाणी राजपुरीच्या खाडीत जाते आणि सावित्री महाडवरून बाणकोटला पोहोचते. कड्याच्या पायथ्याशी आल्यावर त्यांचा उतार एकदम संपतो. सावित्रीत भरतीचा परिणाम महाडच्या परिसरापर्यंत जाणवतो, म्हणूनच समुद्रापासून इतक्या आत असलेले महाड एके काळी बंदर होते.

किनाऱ्याचे दोन भाग पडतात. धरमतरच्या उत्तरेला आणि पेण-अलिबागच्या खारेपाटात चिखलाची खाजणे, कांदळवने आणि मिठागरे आहेत. मांडव्याच्या दक्षिणेला डोंगराच्या सोंडा समुद्रात घुसतात आणि दोन सोंडांमधल्या बाकात पुळणी साठतात: किहीम, नागाव, काशीद, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन. पुळणीमागे वाळूचा उंचवटा आणि त्याच्या आडोशाला नारळी-पोफळीची आगरे, ही मांडणी ठिकठिकाणी दिसते. अलिबागच्या परिसराला अष्टागर हे नाव पडले ते अशाच आगरांवरून. किनाऱ्यालगत घारापुरी, खांदेरी, उंदेरी, कुलाबा, जंजिरा आणि कासा ही बेटे व खडक आहेत. जमिनीचा माथा पाण्याबाहेर उरला की बेट होते, त्यामुळे त्यांचा समावेश बहुधा ‘बुडालेल्या किनाऱ्या’च्या पुराव्यांत केला जातो.

भरती-ओहोटीचा पल्ला हे या किनाऱ्याचे महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत चार ते पाच मीटरांचा फरक पडतो. दक्षिणेकडे गोव्याच्या दिशेने तो कमी होत जातो. समुद्रपातळीच्या जुन्या खुणा वाचताना हा पल्ला मोठी अडचण ठरतो, ती पुढे स्पष्ट होईल.

लाव्हा आणि खंडांची फाटाफूट

रायगडचा जवळजवळ सर्व खडक दख्खनच्या बेसॉल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून आलेला लाव्हा थरावर थर साचत गेला. आज त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापले आहे. रासायनिक घटकांवरून या थरांचे गट पाडण्याचे काम १९८०च्या दशकात झाले, तेव्हा अनेक गटांना सह्याद्रीच्या परिसरातील गावांची नावे मिळाली. नेरळ आणि पोलादपूर ही रायगडची दोन नावे त्यामुळे जगभरच्या भूशास्त्रीय साहित्यात रूढ झाली.

लाव्हा येण्यापूर्वीच, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी, मादागास्कर भारतापासून तुटले होते. लाव्हाचा मुख्य उद्रेक सरल्यानंतर, सुमारे ६.२ ते ६.३ कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्सचा तुकडा वेगळा झाला. रायगडचा किनारा म्हणजे या दुसऱ्या फाटाफुटीची कड होय. दख्खनचा बेसॉल्ट किनाऱ्याशी संपत नाही. मुंबईच्या पश्चिमेला, १९७४ मध्ये सापडलेल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रात, तो समुद्रतळाखालच्या जाड गाळाच्याही खाली आढळतो. जो खडक माथेरानला सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, तोच समुद्रात खोल गाडलेला आहे. इतका फरक कशामुळे पडला, यावरच पहिला वाद आहे.

पनवेल फ्लेक्शर: चार मते

सह्याद्रीच्या माथ्यावर लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत. त्यांचा कल एक अंशाहूनही कमी भरतो. पनवेलच्या आसपास मात्र तेच थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने, स्पष्टपणे झुकतात. हा कल अनेक ठिकाणी १० ते १५ अंश आहे आणि काही ठिकाणी त्याहून अधिक. डब्ल्यू. टी. ब्लॅनफोर्ड यांनी १८६७ मध्ये या कलाची नोंद केली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जे. बी. ऑडेन यांनी पश्चिम भारतातील डाइकवरच्या (भेगेत थिजलेल्या लाव्हाच्या भिंतींवरच्या) १९४९च्या लेखात या रचनेची मांडणी केली. ‘पनवेल फ्लेक्शर’ हे नाव तेव्हापासून चालू आहे. ही रचना उत्तर-दक्षिण सुमारे १५० किलोमीटर लांब आहे.

पहिले मत या रचनेला साधे वाकण मानते. समुद्राकडची कवचाची कड खाली गेली, तिच्यावर गाळाचे ओझे वाढले आणि थर न तुटता वाकले. पूर्व ग्रीनलंडचा किनारा आणि दक्षिण आफ्रिकेतील लेबोम्बो येथेही लाव्हाचे थर समुद्राच्या दिशेने असेच झुकलेले आहेत, त्यामुळे ही तुलना वारंवार होते.

दुसरे मत ए. जी. देसाई आणि बर्ट्रांड यांनी १९९५ मध्ये मांडले. त्यांच्या मते हे वाकण नसून ताणामुळे पडलेल्या प्रस्तरभंगांची मालिका आहे आणि तिचा संबंध दख्खनच्या लाव्हाक्रियेशी आहे. किनाऱ्याला समांतर जाणारे डाइक त्यांच्या बाजूने बोलतात, कारण कवच पूर्व-पश्चिम ताणले गेले की भेगा उत्तर-दक्षिण पडतात. मुरुड-जंजिऱ्याच्या डाइकमध्ये खोल कवचातून आणि प्रावरणातून वर आलेले खडकांचे तुकडे सापडतात. किनाऱ्याखालच्या खोल भागाची थेट साक्ष देणारे नमुने म्हणून त्यांना महत्त्व आहे.

तिसरे मत आयआयटी मुंबईचे हेतु शेठ यांचे आहे. १९९८ च्या लेखात त्यांनी असे सुचवले की खाली जाताना वक्र होणाऱ्या प्रस्तरभंगांवरून खडकांचे ठोकळे घसरले आणि घसरताना त्यांचे थर उलट दिशेने, म्हणजे भंगाकडे झुकले. हे खरे असेल तर मूळ भंगांचा कल जमिनीकडे, म्हणजे पूर्वेकडे असायला हवा.

चौथे मत तिसऱ्याचाच विस्तार आहे आणि त्याचा मुख्य पुरावा रायगड जिल्ह्यातच आहे. घारापुरी बेट लेण्यांसाठी प्रसिद्ध असले तरी त्याची भूरचना फारशी ज्ञात नव्हती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथे पूर्व-आग्नेयेकडे तीव्र कललेले दोन मोठे प्रस्तरभंग नोंदवले गेले. त्यांच्या पृष्ठभागावरील घर्षणरेषांवरून सरकणे सरळ खाली न होता तिरकेही झाल्याचे दिसते. अलिबाग-उरण, न्हावा-शेवा आणि बेलपाडा येथील भंगांशी हे जोडले तर पूर्वेकडे पायरीपायरीने खचलेली रचना तयार होते. त्याच अभ्यासाने एक अडचणही पुढे ठेवली. कवच ताणले गेले असेल तर ते पातळ व्हायला हवे, पण भूकंपलहरींवरून या भागातील कवचाची जाडी ४१ किलोमीटरपर्यंत, म्हणजे सर्वसाधारण भरते. फाटाफूट दोन्ही बाजूंना सारखी न होता एका तिरक्या पृष्ठावरून झाली असे मानले तर ही विसंगती सुटू शकते, असे त्या लेखकांचे म्हणणे आहे.

या मतांत एका मुद्द्यावर साधारण सहमती आहे: रचना लाव्हाच्या मुख्य थरांनंतरची आहे आणि सेशेल्सच्या विलगीकरणाशी तिचा संबंध आहे. पालीजवळचे उन्हेरे आणि महाडजवळचे साव येथील गरम पाण्याचे झरे खोल भेगांतून पाणी फिरत असल्याचे सांगतात. सूक्ष्म भूकंपांच्या नोंदींवरून फ्लेक्शरखाली आजही हालचाल असावी, असेही अनुमान काढले जाते.

सह्याद्रीचा कडा: जागचा की मागे सरलेला?

दुसरा वाद कड्याविषयी आहे. जुन्या कल्पनेनुसार सह्याद्रीची भिंत म्हणजेच प्रस्तरभंगाची कड: पश्चिमेकडची जमीन खचली आणि पूर्वेकडची उभी राहिली. अडचण अशी की कड्याच्या पायथ्याशी एवढा मोठा भंग सापडत नाही. पायथ्याचे आणि माथ्याचे थर सलगपणे एकावर एक येतात. आडव्या थरांच्या प्रदेशात ही सलगता तुटली असती तर ती लपली नसती.

म्हणून आता बहुतेक अभ्यासक असे मानतात की उंचीचा फरक किनाऱ्याजवळ किंवा समुद्रात निर्माण झाला आणि कडा झिजत झिजत मागे सरकला. माथेरान, प्रबळगड आणि रायगड हे मुख्य रांगेपासून सुटलेले डोंगर याची साक्ष मानले जातात. त्यांचे थर मूळ रांगेतील थरांशी जुळतात. सहा कोटी वर्षांत साठ किलोमीटर, असा ढोबळ हिशेब धरला तर सरासरी वेग वर्षाला एक मिलिमीटर येतो. मात्र हा वेग सर्व काळ सारखा होता का, याबद्दल मतभेद आहेत. गोवा-कर्नाटकच्या पट्ट्यातील मँगनीज खनिजांच्या वयमापनावरून कड्याखालचा सखल प्रदेश साडेचार कोटी वर्षांपूर्वीच तयार झालेला होता, असा निष्कर्ष काढला गेला आहे. तो रायगडलाही लागू पडत असेल, तर कडा सुरुवातीला झपाट्याने मागे सरला आणि नंतर जवळपास स्थिरावला, असे म्हणावे लागते. रायगडमध्ये त्या प्रकारची खनिजे नाहीत, त्यामुळे तीच कसोटी येथे लावता येत नाही.

ऑलियर आणि पुण्याचे के. बी. पोवार यांनी १९८५ मध्ये सह्याद्रीला दक्षिण आफ्रिकेचे ड्रेकेन्सबर्ग, ब्राझीलचा सेरा दो मार आणि पूर्व ऑस्ट्रेलियाचा कडा यांच्या पंक्तीत बसवले. खंड फाटल्यावर किनाऱ्याला समांतर उभे राहणारे हे महाकडे आहेत. जलविभाजक समुद्राच्या अगदी जवळ असूनही नद्या उलट दिशेने वाहतात, हे या साऱ्यांचे समान लक्षण आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री थोड्याच अंतरात अरबी समुद्र गाठते, पण त्याच माथ्यावरची कृष्णा सारा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते.

उंचीचे वय हा तिसरा मुद्दा आहे. बी. पी. राधाकृष्ण यांनी १९९३ मध्ये सह्याद्रीचे उचलले जाणे भूशास्त्रीयदृष्ट्या अलीकडचे, म्हणजे निओजीन कालखंडातले असल्याचे मांडले. विडोसन आणि कॉक्स यांनी १९९६ मध्ये जांभ्याचे थर व नद्यांची रचना यांच्या आधारे वेगळे चित्र मांडले. त्यानुसार किनारपट्टीची झीज होऊन भार हलका झाला की कवच हळूहळू वर येते. ते उचलणे अखंड चालते आणि त्यासाठी वेगळ्या, अलीकडच्या भूहालचालीची गरज पडत नाही. दक्षिण कोकणातील सखल जांभ्याची पठारे कशी तयार झाली, यावर या वादाचा बराचसा निकाल अवलंबून आहे. रायगडमध्ये जांभा मुख्यतः श्रीवर्धनच्या बाजूलाच आढळतो, म्हणून या वादात रायगडची साक्ष त्रोटक राहते.

कड्याची झीज आजही चालू आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गाडल्या गेल्या. माणसाच्या दृष्टीने हे अपार दुःख आहे. कडा कसा मागे सरतो त्याची पद्धतही त्यात दिसते: मोसमी पावसात भिजलेली माती आणि कुजलेला खडक एका क्षणात सुटतो. मात्र एकेका दरडीवरून दीर्घकालीन वेग काढता येत नाही.

समुद्रपातळी: कराळ आणि बुडालेले वन

सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगभरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ सुमारे ३०० किलोमीटर रुंद असल्यामुळे त्या वेळी किनारा पश्चिमेला फार दूर होता. कुंडलिका आणि सावित्री आज समुद्राखाली असलेल्या मैदानावरून वाहत होत्या. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे हाशिमी, निगम व नायर आणि त्यांचे सहलेखक राजगोपालन यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या आलेखानुसार साडेचौदा हजार वर्षांपूर्वी पातळी उणे १०० मीटरच्या आसपास होती. पुढे ती वेगाने चढली आणि सुमारे ७ हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ आली. रायगडच्या खाड्या म्हणजे या चढत्या समुद्राने भरलेली खोरी आहेत, यावर आता वाद उरलेला नाही. जमीन खचली नसतानाही किनारा बुडालेला दिसू शकतो, हे या आलेखाने दाखवून दिले.

वाद त्यानंतरच्या काळाचा आहे. कोकणात पुळणीवर शंख-शिंपले आणि वाळू चुन्याने जोडली जाऊन तयार झालेला दगड मिळतो. त्याला कराळ म्हणतात. डेक्कन कॉलेजच्या एस. गझदर यांच्या १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात, तसेच विश्वास काळे व शरद राजगुरू यांच्या १९८५ च्या आढाव्यात या थरांचा विचार झाला आहे. श्रीकांत कार्लेकर यांनी किनाऱ्यावरील भूरूपांचा तपशीलवार अभ्यास केला. काही थर आजच्या भरतीपेक्षा वर आढळतात. त्यांची तीन स्पष्टीकरणे दिली जातात: गेल्या सहा-सात हजार वर्षांत समुद्र काही काळ आजच्यापेक्षा थोडा उंच होता, समुद्र तेथेच होता पण जमीन स्थानिकरीत्या उचलली गेली, किंवा थर मुळातच मोठ्या लाटांनी उंचावर टाकलेले आहेत.

निवड अवघड होण्याची कारणे खुद्द पुराव्यात आहेत. कराळ भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात जुळून येतो आणि येथे तो पट्टाच चार-पाच मीटरांचा आहे. मग एक-दोन मीटर उंचीचा थर नेमक्या कोणत्या पातळीचा मानायचा? शिवाय किरणोत्सारी कार्बनने ठरते ते शिंपल्याच्या मृत्यूचे वय. तो शिंपला कित्येक वर्षे लोळून मग दगडात अडकला असेल, तर दगड त्याहून तरुण असतो.

याच्या अगदी उलट साक्ष मुंबईच्या बाजूला मिळाली. १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना भरतीच्या पातळीखाली, मुळांसह जागच्या जागी उभी असलेली झाडांची खोडे सापडली. झाडे खाऱ्या पाण्यात वाढलेली नव्हती, म्हणून हे जमीन खचल्याचे लक्षण मानले गेले. चढत्या समुद्रानेही हेच घडू शकते, हा विचार नंतर पुढे आला. बंदराच्या पश्चिम काठावर बुडालेले वन आणि दक्षिणेला वर आलेला कराळ, यांचा मेळ घालण्यासाठी फ्लेक्शरच्या दोन बाजूंचे ठोकळे वेगवेगळे हलले असावेत, असा एक तर्क आहे. दोन्हींचे वय एकाच पद्धतीने मोजून त्यांची उंची एकाच आधारपातळीशी जोडल्याशिवाय तो तपासता येणार नाही.

गेली दीडशे वर्षे

मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासून उपलब्ध आहेत. त्यांवरून १९९३ पर्यंत समुद्र वर्षाला सुमारे ०.८ मिलिमीटर या वेगाने चढल्याचे दिसते. उपग्रहांच्या मापनानुसार उत्तर हिंदी महासागरासाठी १९९३ ते २०१७ या काळातील सरासरी वेग वर्षाला ३.३ मिलिमीटर आहे. भरतीमापक जमिनीवर बसवलेला असतो, त्यामुळे तो समुद्राचे चढणे आणि जमिनीचे हलणे यांची बेरीज दाखवतो. उपग्रह फक्त समुद्र मोजतो. किनाऱ्याचा आपला उभा वेग किती, हे या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून काढणे म्हणूनच सोपे नाही, शिवाय त्यांचे काळही वेगळे आहेत.

ऐतिहासिक वास्तूंचा आधार अनेकदा घेतला जातो. कुलाबा किल्ल्याचे बांधकाम १६८० च्या सुमारास सुरू झाले आणि आजही ओहोटीला तेथे चालत जाता येते. वर्षाला ०.८ मिलिमीटर हा वेग मागे नेला तरी ३४० वर्षांत फरक २७ सेंटिमीटरांचाच भरतो. चार मीटरांच्या भरतीत तो किल्ल्याच्या वाटेवरून ओळखता येणार नाही. चौलच्या प्राचीन बंदराचे उथळ होणेही समुद्र मागे गेल्याचा पुरावा ठरत नाही, कारण कुंडलिकेच्या गाळानेही ते घडते.

माणसाने किनारा बदलला तो बांधांनी. खारेपाटातील शेतकऱ्यांनी शिलोत्री पद्धतीने बांध घालून, उघाड्या (पाणी सोडण्याची दारे) बसवून खाजणाची भातजमीन केली. पुढे १९४८ आणि १९७९ च्या खारजमीन कायद्यांनी हे काम शासनाकडे आले. बांधामागच्या जमिनीवर नवा गाळ येत नाही, म्हणून ती बाहेरच्या खाजणाच्या तुलनेत खाली राहत जाते आणि उधाणाला खांड पडली की खारे पाणी दूरवर शिरते. हे समुद्र चढल्यामुळे किती आणि बांधाच्या अवस्थेमुळे किती, हे गावागणिक वेगळे आहे. उत्तरेकडे १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर व त्यासाठीचे भराव यांनी किनाऱ्याची रेघच बदलली. ३ जून २०२० रोजी धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळासारख्या घटना पुळणीची वाळू एका दिवसात हलवतात. काही काळानंतर ती पुन्हा भरते का, हे वादळाआधी व नंतर त्याच जागी घेतलेल्या मापांवरूनच कळते.

किनाऱ्याची लांबीही स्थिर आकडा नाही. भारताच्या किनाऱ्याची लांबी दीर्घकाळ ७,५१६ किलोमीटर मानली गेली. अधिक बारकाईने केलेल्या नव्या मोजणीत ती ११,०९८ किलोमीटर झाली. किनारा वाढला नाही, मोजपट्टी बारीक झाली. रायगडसारख्या खाड्यांनी चिरलेल्या किनाऱ्यावर हा फरक विशेष जाणवतो.

अनिर्णित मुद्दे

एवढ्या चर्चेनंतर काही गोष्टी पक्क्या मानता येतात. रायगडचा किनारा फाटलेल्या खंडाची कड आहे. त्याच्या खाड्या हिमयुगानंतर चढलेल्या समुद्राने भरल्या आहेत. सह्याद्रीचा आजचा कडा झिजेने घडलेला आहे. ‘उचललेला की बुडालेला’ या प्रश्नाला त्यामुळे एकच उत्तर राहत नाही. कोट्यवधी वर्षांच्या मापात समुद्राकडची बाजू खचली आणि जमिनीची बाजू हळूहळू उचलली गेली, हजारो वर्षांच्या मापात समुद्र चढला आणि चालू शतकात तो पुन्हा चढतो आहे.

चार मुद्दे मात्र उघडे आहेत. फ्लेक्शरखालचे प्रस्तरभंग खोलवर कसे वळतात, हे जमिनीवरच्या मापांनी ठरणार नाही. त्यासाठी किनारा ओलांडून जाणाऱ्या खोल भूकंपीय रेषांची गरज आहे. कड्याच्या मागे सरण्याचा वेग रायगडच्याच खडकांवर मोजला जायचा आहे. कराळच्या थरांची उंची आणि वय भरतीचा पल्ला लक्षात घेऊन नव्याने ठरवायला हवे. आणि आजची जमीन वर जाते की खाली, हे सांगण्यासाठी उरणपासून हरिहरेश्वरपर्यंत भरतीमापक व उपग्रहाधारित स्थानमापक यांची जोडीने, दीर्घकाळ नोंद लागेल. यांपैकी शेवटच्या मुद्द्याची निकड सर्वाधिक आहे, कारण खारेपाटातले बांध किती उंच ठेवायचे हे त्याच्या उत्तरावरून ठरते.